नाकाच्या शस्त्रक्रियेविषयी थोडेसे

‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की घरातले सर्वच घाबरतात. मग वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेत दिवस काढले जातात. म्हणून नेहमीच्या शंकांची उत्तरे आम्ही येथे देत आहोत.

हाड खरोखर वाढते काय? बहुधा दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो. त्रास नसेल तर शस्त्रक्रिया लागत नाही.

चेहरा बदलेल काय? पडद्याची शस्त्रक्रिया सहसा नाकाच्या आतून करतात. बाहेर व्रण दिसत नाही.

किती दिवस जातील? नाकात बोळे ठेवल्यास ते बहुधा १-२ दिवसांत काढतात. साधारण आठवड्याने अभ्यास, बैठे काम करता येते. दोन आठवडे नाक शिंकरू नये, ओझे उचलू नये. शिंक तोंड उघडून द्यावी. विद्यार्थ्यांनी सुटीतली तारीख मागावी.

रक्त आले तर? पुढे झुकून बसावे व नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे दाबून धरावा. तरीही थांबले नाही, ताप आला वा दुखणे वाढले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूला नाकात औषध घालण्याची अनुमती दिल्याचे आढळते. दुखणे अंगावर काढणे हा धम्म नव्हे, एवढे बंधुभगिनींनी ध्यानी घ्यावे.