वारीच्या वाटेवर काहीतरी चावले तर...

दिवसभराची मजल मारून दिंडी मुक्कामाला पोहोचते. हरिपाठ, जेवण, कीर्तन आटोपते आणि राहुटीत सतरंज्या अंथरून मंडळी आडवी होतात. मध्यरात्री कुणीतरी दचकून उठते, "काहीतरी चावलं वाटतं." टॉर्च फिरवली जाते, काहीच दिसत नाही. "मुंगी असेल, झोपा आता," म्हणून सगळे कूस बदलतात. बहुतेक वेळा ती मुंगीच असते. पण नेहमी नाही.

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर चालतात. बिळांत पाणी शिरले की किडे, विंचू, साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. नेमकी तेव्हाच हजारो माणसे मोकळ्या रानात जमिनीवर झोपलेली असतात.

डास, मुंगी किंवा किड्याचा साधा चावा असेल तर जागा साबण-पाण्याने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन लावावे. सेट्रिझिनची गोळी घेतल्यास झोप येऊ शकते, म्हणून ती शक्यतो रात्री घ्यावी. चुना, तंबाखू, मशेरी, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये. खाजवणे तर टाळावेच. मधुमेही वारकऱ्याच्या पायावरची खाजवलेली पुळी चिखलात चालून दोन दिवसांत चिघळते. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता तो आरोग्य पथकाला दाखवावा.

रात्री दिव्याभोवती जमणारा मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी किडा अंगावर बसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. तो चावत नाही. पण चिरडल्यावर त्याच्या अंगातील रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची पिशवी काही वेळ विष सोडत राहते. म्हणून नखाने खरवडून किंवा जमेल तसा तो लगेच काढावा. पोळे असलेल्या झाडाखाली चूल पेटवू नये, धूर करू नये. डंखानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली तर ती जिवावरची अॅलर्जी समजावी. रुग्णाला चालवू नये, आडवे ठेवावे. दम लागत असेल तर बसू द्यावे. यावर खरा उपाय मांडीत दिले जाणारे अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. त्यासाठी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका लगेच बोलवावी.

विंचवाच्या दंशात नुसती ठणक असेल तर धोका कमी. मात्र लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड अशी लक्षणे दिसू लागली की विषाचा परिणाम हृदयावर होत आहे, असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवर केलेल्या कामातून प्राझोसिन हे साधे औषध अशा रुग्णांचे प्राण वाचवते, हे जगासमोर आले. पण ते वेळेत मिळाले पाहिजे. मंत्र-उताऱ्यात गेलेला वेळ परत येत नाही.

आता त्या मध्यरात्रीच्या "मुंगी"कडे वळू. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की फारसे दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. काही वेळाने पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास थांबतो. पोटदुखीला अपचन म्हणून सोडा-लिंबू दिले जाते आणि मोलाचे तास जातात. रात्री काही चावल्याची शंका असेल तर त्या माणसाला एकटे झोपू देऊ नये. त्याच्या पापण्या मिटू लागल्या तर थेट रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे टाळावे. सरकारी रुग्णालयांत सर्पविषावरील लस मोफत मिळते. वेळेत लस आणि कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस पूर्ण बरा होतो.

यातले बरेचसे एका मच्छरदाणीने टळते, मात्र तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचलेल्या हव्यात. सरपणाच्या ढिगापासून आणि गोठ्यापासून दूर झोपावे. सकाळी चप्पल-बूट, घोंगडी, पिशवी झटकूनच वापरावी. रात्री लघवीला उठताना टॉर्च घ्यावी, पायात चप्पल असावी.

घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर तो थकव्याचा समजू नये. डेंग्यू, हिवताप किंवा गवतातील बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस असू शकतो. काखेत, जांघेत न दुखणारी काळी खपली दिसते का, ते पाहावे. आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, "वारीला जाऊन आलोय." एवढ्या एका वाक्याने निदान सोपे होते.