मुरूम असले तरी मेकअप करता येतो

लग्नाचा हंगाम, कॉलेजचे गॅदरिंग किंवा नोकरीची मुलाखत जवळ आली की चेहऱ्यावर मुरूम असलेली मुलगी बेचैन होते. घरातून तिला दोन सल्ले मिळतात. कोणी म्हणते, "काहीच लावू नको, अजून वाढतील." कोणी औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणून देते. पहिला सल्ला अर्धाच खरा आहे. दुसरा मात्र चेहऱ्याचे मोठे नुकसान करू शकतो.

मुरूम अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. ते तेल आणि मृत पेशी छिद्रात अडकतात, तिथे जंतू वाढतात आणि सूज येते. मुलांनाही हेच होते. म्हणून दिवसातून दहा वेळा तोंड धुऊन, लिंबू किंवा टूथपेस्ट लावून मुरूम जात नाहीत, उलट आग होऊन डाग पडतात. "तोंड धूत नाहीस का?" हा टोमणा तर घरात कोणीच मारू नये. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मातांना मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाकायला सांगितले होते. चार लोकांत जाताना मुलीने डाग थोडे झाकले आणि तिला मान वर करून बोलता आले, तर त्याला नट्टापट्टा म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

मेकअप कसा करावा?

बर्डीवर खरेदी करताना डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' किंवा 'ऑइल फ्री' लिहिले आहे का ते पाहा. पहिल्या शब्दाचा अर्थ, छिद्रे बुजण्याची शक्यता कमी. महाग ब्रँडच हवा असे नाही, पण लेबल आणि मुदतीची तारीख नसलेली वस्तू घेऊ नका. रंग जबड्याजवळ लावून दिवसाच्या उजेडात पाहा. त्वचेत मिसळून जाईल तोच रंग आपला. त्याहून उजळ रंगाने मुरूम जास्त उठून दिसतात.

आधी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. हलके मॉइश्चरायझर आणि जेलसारखे सनस्क्रीन लावा. मग फक्त डागांवर कन्सीलरचा ठिपका ठेवून स्वच्छ बोटाने थोपटा, चोळू नका. सगळ्या चेहऱ्यावर जाड थर देण्याची गरज नसते. फुटलेल्या, ओल्या मुरमावर काहीच लावू नका. स्पंज आणि ब्रश आठवड्यातून एकदा धुऊन वाळवा. बहिणी-बहिणींनी किंवा मैत्रिणींनीही ते एकमेकींचे वापरू नयेत. घरी आल्यावर कितीही थकवा असला तरी मेकअप उतरवूनच झोपा.

आपल्याकडे उन्हात गाडीवर जाताना मुली चेहऱ्याला स्कार्फ बांधतात. घामाने भिजलेला तोच स्कार्फ दुसऱ्या दिवशी घासला गेला तर मुरूम वाढतात. सुती स्कार्फ वापरा आणि रोज धुवा. केसांचे तेल कपाळावर उतरू देऊ नका.

ही ट्यूब नको

क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावे आहेत. यातले एखादे नाव ट्यूबवर असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात आणि मुरूम आणखी वाढतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याच कारणाने. कोणी महिनोन्महिने अशी ट्यूब लावत असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.

गोरे करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीमचा धोका तर चेहऱ्यापुरताही राहत नाही. अकोल्यातील एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडनीला इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. तिघीही ब्यूटिशियनकडून आणलेले एकच क्रीम लावत होत्या. त्यात पाऱ्याचे प्रमाण फार मोठे निघाले. मुरूम हा आजार आहे, त्वचेचा रंग हा आजार नाही. रंग बदलायचे औषध शोधू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मुरूम दुखत असतील, गाठी होत असतील, खड्डे पडत असतील तर मेकअपने झाकत बसू नका. सोबत पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी लागू शकते. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. तिथे जाताना सध्या लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि क्रीम पिशवीत घालून न्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही सांगा, कारण मुरमांची काही औषधे बाळाला घातक असतात. उपचाराचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध सोडू नका. तोपर्यंत बाहेर जाताना कन्सीलरचा एक ठिपका लावायला काहीच हरकत नाही.