जुन्या संगणकाचें दुखणें

घरांतील एखादें माणूस वारंवार आजारी पडूं लागलें, म्हणजे भेटीस येणारा प्रत्येक जण एकेक औषध सुचवून जातो. संगणकाचेंहि तसेंच आहे. तो चालतां चालतां एकाएकीं बंद पडूं लागला कीं कोणी म्हणतो, विषाणु शिरला. कोणी म्हणतो, सारें पुसून नव्यानें भरा. आणि बहुतेक जण म्हणतात, जुना झाला, टाकून द्या. या तीनहि सल्ल्यांत एक गोष्ट समान असते. ती ही कीं, सल्ला देणारानें रोग्याची नाडी पाहिलेली नसते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या काकांच्या घरीं असाच प्रसंग आला. त्यांतून आम्ही जें शिकलों तें वाचकांच्या उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

आमचे काका भाईंदरास खाडीच्या बाजूला राहतात. शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झाल्यावर घराण्याचा कुलवृत्तांत लिहिण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. त्यासाठीं २०१० सालीं संगणक घेतला. आणि तेव्हांपासून कोंकणांतल्या व देशावरच्या आप्तांना पत्रें घालून, आलेली माहिती ते स्वतः त्यांत उतरवीत आले. लेकींची आणि त्यांच्या मुलाबाळांचीहि नोंद झालीच पाहिजे, हा काकूंचा आग्रह. त्यामुळें ग्रंथ वाढत गेला. ज्यांनीं माहिती पुरविली त्यांपैकीं कित्येक वृद्ध आज हयात नाहींत. तेव्हां तो मजकूर पुन्हां मिळण्यासारखा नव्हता.

आषाढ लागला आणि संगणक रोज बंद पडूं लागला. मध्येंच पडदा निळा होई, त्यावर कांहीं आंकडे उमटत, आणि यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. नातू म्हणाला, “आजोबा, नवीन आणून देतों.” काका म्हणाले, “अरे, आण. मी नको म्हणत नाहीं. पण माझीं अक्षरें त्यांत येतील का?”

त्यांची शंका रास्त होती. युनिकोड नांवाच्या जागतिक अक्षरसंकेतांत देवनागरीला १९९१ सालींच स्थान मिळालें. परंतु त्यानंतरहि पुष्कळ वर्षें आपल्याकडे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरांत राहिले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें केवळ चित्र बसविलेलें असे. तो फॉन्ट ज्या यंत्रांत नाहीं, तेथें मराठी पान उघडलें कीं निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. असा मजकूर युनिकोडमध्यें आणणारीं साधनें आज आहेत. पण जोडाक्षरें तपासून घ्यावीं लागतात, आणि तपासण्यास मूळ पान डोळ्यांसमोर हवेंच. काकांचें पान नीट वाचतां येई तें त्या एकाच यंत्रावर. म्हणून तें यंत्र निदान कांहीं दिवस तरी सुरळीत चालणें अगत्याचें होतें.

आम्ही पहिलें काम केलें तें मजकूर सुरक्षित करण्याचें. बिघडलेल्या यंत्रावरच नक्कल करण्याचा मोह टाळला. कारण यंत्राची तात्कालिक स्मृति, म्हणजे रॅम, सदोष असेल तर नक्कल होतांनाच मजकुरांत चूक शिरूं शकते, आणि ती कोणाला दिसतहि नाहीं. यंत्र बंद करून, प्लग भिंतींतून काढून नातवानें हार्ड डिस्क बाहेर काढली. ती आपल्या संगणकास जोडून दोन नकला केल्या आणि मग ती परत जागेवर बसविली. त्या रात्रीं काकांना बऱ्याच दिवसांनीं शांत झोंप लागली, असें काकूंनीं आम्हांस सांगितलें.

दुसरें काम वहीचें. तापाच्या रोग्याचा ताप तासातासाला टिपावा, तसें आम्हीं काकांस टिपावयास सांगितलें: यंत्र केव्हां सुरू केलें, केव्हां बंद पडलें, त्या वेळीं काय चाललें होतें, पडद्यावर कोणता आंकडा आला, बाहेर हवा कशी होती. ही रीत संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेंत १९४६ सालीं जगापुढें आलेल्या एनियाक या संगणकांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यांतली एखादी सतत जळे. नळ्या केव्हां जळतात हें पाहतां असें आढळलें कीं, पुष्कळशा नळ्या यंत्र चालू किंवा बंद करतांनाच निकामी होतात. म्हणून तें यंत्र शक्यतों बंदच न करण्याचा प्रघात पडला. उपाय सुचला तो निरीक्षणांतून.

आठ दिवसांच्या वहींतून तीन गोष्टी दिसल्या. एक, बंद पडण्याचा विशिष्ट कामाशीं संबंध नव्हता. नुसतें उघडें ठेवलें तरी यंत्र थांबे. दोन, निळ्या पडद्यावरचा आंकडा दर वेळीं निराळा असे. एकच काम करतांना एकच आंकडा येता, तर आम्हीं त्या कामाच्या प्रोग्रॅमला दोष दिला असता. दर वेळीं निराळा आंकडा येतो तेव्हां उष्णता, वीजपुरवठा किंवा स्मृति यांकडे आधीं पाहावें. तीन, दुपारीं यंत्र पाऊण तासाच्या आंत थांबे. आणि मुसळधार पावसाच्या दिवशीं सकाळींहि दगा देई.

येथून पुढें आम्हीं एकच नियम पाळला: एका वेळीं एकच बदल, आणि त्यानंतर दोन दिवस नुसतें पाहणें. चार औषधें एकदम दिलीं तर गुण कशाचा आला हें कोणी सांगावें?

आरंभ उष्णतेपासून केला. प्रोसेसरवरील पंख्याखालच्या पात्यांत धुळीचा जाड थर बसला होता. मऊ कुंचल्यानें तो काढला आणि वाळून गेलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला. यंत्राच्या बायॉसमध्यें तपमान ८४ अंशांवरून ५८ अंशांवर आलेलें दिसलें. दुपारचें थांबणें संपलें. पावसाचें मात्र राहिलें. म्हणजे दुखणीं दोन होतीं.

मग वीज पाहिली. बायॉसमध्यें १२ व्होल्टच्या तारेचा आंकडा ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असावा. तो तसा होता. मदरबोर्डवरील कपॅसिटरांचे माथे तपासले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बनलेल्या अनेक यंत्रांतले सदोष कपॅसिटर फुगून फुटत. येथें सर्व माथे सपाट होते. वीजपुरवठ्याची बंद पेटी आम्हीं उघडली नाहीं. प्लग काढल्यावरहि तींत घातक वीज सांठलेली असते. वाचकांनींहि ती उघडूं नये.

राहिली स्मृति. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. मेमटेस्ट नांवाची चांचणी रात्रभर चालविली, तेव्हां चुकांची रांग लागली. एकेक पट्टी निराळी तपासली. दुसरी दोषी ठरली. ती टाकून देण्यापूर्वीं उजेडांत धरली, तों तिच्या सोनेरी दांत्यांवर पांढरट डाग दिसले. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या वांकून पाहत म्हणाल्या, “अग बाई, हें तर माझ्या मिठाच्या बरणीच्या झांकणासारखेंच झालें आहे!”

निदान काकूंनीं केलें. मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, आणि भाईंदरचीं मिठागरें तर प्रसिद्धच. हवेंतील आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या वर गेली कीं मीठ त्या हवेंतलें पाणी ओढून विरघळूं लागतें. पावसाळ्यांत बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें तें याचमुळें. खाऱ्या वाऱ्यानें आलेले सूक्ष्म कण धुळीबरोबर यंत्रांत बसतात, पावसाळ्यांत ओले होतात आणि धातु खातात. काकांचें टेबल खाडीकडच्या खिडकीखालींच होतें.

शाळेंतल्या मुलाचें मऊ खोडरबर घेऊन, यंत्रापासून दूर, हलक्या हातानें दांते पुसले. रबराचा चुरा झटकला. खांच कोरड्या कुंचल्यानें स्वच्छ केली. आणि पट्टी पुन्हां बसविली. त्या रात्रींच्या चांचणींत एकहि चूक निघाली नाहीं. डाग खोलवर गेले असते तर नवी पट्टी घ्यावी लागली असती, हेंहि सांगून ठेवतों. खोडरबर हें सर्व रोगांवरचें औषध नव्हे.

टेबल आतां आंतल्या भिंतीशीं आहे. पावसाळ्यांत यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवतात, म्हणजे आंतली ओल सुकते. आणि तें बंद होऊन निवल्यावरच त्यावर कापड घालतात. विंडोज ७ ला सुरक्षेची डागडुजी मिळणें १४ जानेवारी २०२० रोजीं थांबलें असल्यामुळें तें इंटरनेटला जोडीत नाहींत. भाद्रपदांत सबंध कुलवृत्तांताची पीडीएफ प्रत निघाली; ती आतां तीन घरीं आहे, आणि युनिकोडचें काम नातवानें हातीं घेतलें आहे. त्यासाठीं नवा संगणकहि आला.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं असें एखादें जुनें यंत्र असेल, आणि त्यांत वडिलांचें किंवा आईचें कांहीं लिहिलेलें असेल. तें बंद पडण्याची वाट न पाहतां येत्या रविवारीं त्याची नक्कल करून ठेवावी. काकांनीं ती वही अद्याप सोडलेली नाहीं. परवां आम्हीं सहज चाळली, तेव्हां शेवटच्या पानांवर रोजच्या तारखेपुढें तीनच शब्द होते: “बंद पडला नाहीं.”