शाळेतला संगणक (भाग ६) : विंडोज कोण मारून देणार?

प्लॅटफॉर्म म्हटलं की महाडकराच्या डोळ्यांपुढे वीर स्टेशन येतं. संगणकातही अर्थ फार वेगळा नाही. ज्या फलाटावर उभे राहाल, तिथे थांबणाऱ्याच गाड्या मिळणार. विंडोज, लिनक्स, क्रोम-ओएस आणि अँड्रॉइड हे शाळेपुढचे फलाट.

हा विषय आत्ताच निघाला, कारण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत सुरक्षा-अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८च्या पुढचा प्रोसेसर लागतो. देणगीतून आलेली यंत्रं तिथेच गळतात. शिक्षणसंस्थांना वाढीव अपडेट मिळतात, आणि तेही पहिल्या वर्षी यंत्रामागे १ डॉलर, मग २, मग ४ इतक्या किरकोळ दरात. पण त्यासाठी विंडोज रीतसर घेतलेलं हवं आणि संस्थेच्या नावाने करार हवा. आपल्याकडे विंडोज घेत नाहीत, मारून घेतात. बाजारातला पोरगा पेनड्राइव्ह घेऊन येतो, अर्ध्या तासात संगणक 'नवा' करून जातो. चोरीचा माल म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण आपल्याकडे विंडोज टिकलं ते या पोरामुळेच, हेही कबूल करायला हवं.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत तो पोहोचत नाही. पाऊस लागला की लाइट जाते, नेट जातं, कधी रस्ताच जातो. जुलै २०२१मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावर ठेवलेल्या यंत्रांचं काय झालं ते सांगायला नको. क्रोम-ओएसवर चालणारं क्रोमबुक छान, हलकं, व्हायरसची कटकट नाही. पण त्याचा सगळा जीव नेटवर. जूनमध्ये शाळा उघडते आणि जूनमध्येच नेट बसतं, अशा ठिकाणी मी ते सुचवणार नाही.

याच जिल्ह्यात एक प्रयोग होऊन गेला आहे. २००७मध्ये कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्याआधीच्या वर्षी केंद्र सरकारने या योजनेला नकार दिला होता. यंत्र मात्र विलक्षण होतं. पडदा उन्हातही वाचता येई, वीज जेमतेम लागे, आत लिनक्स आणि त्यावर 'शुगर' नावाची खास मुलांसाठीची मांडणी. वाडीवरच्या शाळेसाठी इतका विचार करून घडवलेला संगणक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. खोट एवढीच, की तो आपल्याकडे दुकानात विकायला कधी नव्हताच. दुकानात नाही म्हणजे सुटा भाग नाही, आणि उघडून बघणारा पोरगाही नाही.

केरळने ही गोष्ट उलट्या टोकाने धरली. २००१मध्ये सुरू झालेल्या तिथल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने (आताचं 'काइट') यंत्रं साधी बाजारातलीच ठेवली. त्यांवर राज्यभर एकच लिनक्स, मल्याळममधून, आणि शिक्षकांतूनच निवडलेले प्रशिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत नेमले. म्हणजे पेनड्राइव्हवाला पोरगा त्यांनी शाळेतच तयार केला.

म्हणून माझं मत असं : शाळांच्या केंद्रातल्या दोन गुरुजींना किंवा बाईंना लिनक्स टाकता येत असेल, तर जुन्या यंत्रांवर डोळे मिटून लिनक्स. एसएसडी बसवली की दहा वर्षांचा संगणकही पळतो. असं कुणी नसेल, तर थांबा, आधी माणूस तयार करा.

मराठीची भीती मात्र सोडा. जुन्या प्रश्नपत्रिका लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि खापर लिनक्सवर फुटतं. दोष श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटचा. तो फाँट नसलेल्या विंडोजवरही तोच चिवडा दिसेल. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्टने टाइप करायला मुलांना शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. विंडोज, लिनक्स, दोन्हीकडे तेच.

बदलण्याआधी एक दिवस लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. हार्डडिस्कला हात लागत नाही. प्रोजेक्टर जोडा, आवाज येतो का बघा. आणि सगळ्यांत आधी प्रिंटर. कचेऱ्याकचेऱ्यांत दिसणारा तो चिवट कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर फार छळतो. तो असेल, तर मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं एक विंडोज तसंच राहू द्या.