एरंडाचं पान

काल नात शाळेच्या सहलीहून लंगडत घरी आली. नवे बूट, दिवसभर गडाची चढउतार, आणि उजव्या टाचेवर रुपयाएवढा टपोरा फोड. दिवेलागणीला बघतो तर आजीच्या डब्यातली सुई घेऊन तो फोडायच्या बेतात होती. मी सुई काढून घेतली आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"बाळा, त्याला हात लावू नकोस. तुझ्या शरीरानं मोठ्या मेहनतीनं ती उशी केली आहे."

"उशी?"

"उशीच. कातडी म्हणजे थरावर थर असतात. चालताना वरचा थर मोज्याला, बुटाला धरून राहतो आणि आतलं हाड पुढंमागं सरकत राहतं. मधल्या थरांची ओढाताण होते. घामानं पाय दमट झाला की ती आणखी वाढते. हजारो पावलांनंतर मधला एक थर सुटतो. वरून काही दिसत नाही, नुसती आग होते. मग त्या फटीत हळूहळू पाणी पाझरतं. रक्तातलाच पाणीदार भाग तो. आणि त्या पाण्याखाली, बाहेरचा कण न लागता, नवी कातडी तयार होऊ लागते. पाचसहा दिवसांत ती पक्की झाली की पाणी जिरतं आणि वरचा पापुद्रा गळून पडतो. तू सुई मारलीस तर खालचं कोवळं मांस उघडं पडेल, मळ जाईल, पू होईल."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"थरांचं पुस्तकांनी. फोडू नये हे एका म्हातारीनं. नर्मदेच्या काठी, १९८४ साली."

तिनं उशी ओढली आणि ती माझ्याजवळ सरकून बसली. मग मी कुठला उठतोय!

तेव्हा मी तिशीच्या आत होतो. कार्तिकात ओंकारेश्वरहून नर्मदेची परिक्रमा उचलली. परिक्रमा म्हणजे नदी कायम उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती पुरा फेरा घालायचा. दक्षिण काठानं समुद्रापर्यंत जायचं, मुखाशी नावेतून पलीकडे व्हायचं, उत्तर काठानं उगमाशी अमरकंटकला चढायचं आणि पुन्हा दक्षिण काठानं निघाल्या जागी यायचं. नदी १३१२ किलोमीटर लांब, म्हणजे फेरा २६०० किलोमीटरच्या वर. मध्ये नदी ओलांडायची नाही. माझ्याजवळ एक घोंगडी, एक पिशवी, काठी आणि नर्मदेच्या पाण्याचा कमंडलू. पैसे मुद्दाम घेतले नव्हते.

"मग जेवायचात काय?"

गावोगाव सदावर्त मिळायचं. पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा. तो शिजवायचा आणि खायचा. पण ते मला पुढं कळलं. तिसऱ्याच दिवशी माझ्या दोन्ही टाचा आणि अंगठ्याखालचे तळवे फोडांनी भरले होते. निमाडातली कापसाची शेतं, बैलगाडीच्या चाकोरीतली भुकटी, आणि ओढा ओलांडताना भिजलेले कॅनव्हासचे बूट. एका गावाबाहेर कडुनिंबाखाली मी जो बसलो, तो उठेना.

कापूस वेचून येणारी एक म्हातारी थांबली. "नर्मदे हर" म्हणाली. माझे पाय पाहिले आणि काही न विचारता मला ओसरीवर नेऊन बसवलं. फोडांना तिनं सुई लावली नाही. परसातून एरंडाची पानं आणली, देठ काढला, तव्यावर शेकली, तेलाचं बोट फिरवलं आणि आपल्याच जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ती बांधली. गरम पानाचा तो पहिला स्पर्श अजून तळव्याला आठवतो. चटका बसतो बसतो असं वाटतं आणि नेमका बसत नाही. चार दिवस तिनं मला हलू दिलं नाही. दिवसातून दोनदा पानं बदलायची, ज्वारीची भाकरी आणि पातळ डाळ समोर ठेवायची.

पाचव्या दिवशी निघालो, तेव्हा सत्तरीची ती बाई खाली वाकली आणि माझ्याच पावलांवर डोकं टेकलं. मी मागं सरलो. ती म्हणाली, परकम्मावासी म्हणजे मैयाचं माणूस. नव्या गुलाबी कातडीची ती पावलं तिनंच बरी केली होती, आणि त्यांनाच ती नमस्कार करत होती. बाळा, माझ्या तोंडून त्या वेळी एक शब्द फुटला नाही.

"आजोबा, पण भूगोलाच्या बाई म्हणाल्या की आपल्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात. नर्मदा उलटी का जाते?"

फार छान विचारलंस. आपली गोदावरीच बघ. त्र्यंबकला जन्मते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही, तरी ती त्याला पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराला जाते, १४६५ किलोमीटर. कारण आपलं पठारच पूर्वेकडे कललेलं आहे. नर्मदेची गोष्ट वेगळी. फार फार पूर्वी जमिनीच्या कवचाला दोन लांबच लांब तडे गेले आणि मधला पट्टा खाली खचला. उत्तरेला विंध्य राहिला, दक्षिणेला सातपुडा, आणि मध्ये आयती पन्हळ झाली. पाण्याला अशी पन्हळ मिळाली की ते पठाराचा कल विचारत नाही. या पट्ट्यातले तडे अजून पुरते शांत नाहीत. १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला भूकंप झाला तो याच पट्ट्यात.

आणि आणखी एक गंमत. अमरकंटकच्या त्याच डोंगरावर शोण नदीही उगम पावते. तिचं पाणी गंगेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जातं. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, मध्ये एवढासा उंचवटा, आणि एक खंबातच्या आखाताला तर दुसरा बंगालच्या उपसागराला. मी उगमाशी पोचलो तेव्हा माथ्यावर किती तरी वेळ नुसता उभा होतो.

पण उगम फार पुढं. त्याआधी शूलपाणीची झाडी आली.

राजघाटाच्या पुढं सातपुडा नदीला अगदी बिलगतो. काळ्या बेसाल्टचे कडे, साग, बांबू, एकेक माणूस जाईल एवढी पायवाट. तिथं भिल्लांची वस्ती. परिक्रमावासी त्यांना मामा म्हणतात. मामा वाटेत गाठतात आणि अंगावरचं सगळं काढून घेतात, हे मला प्रत्येक गावानं सांगितलं होतं. एक मात्र तेव्हाही माझ्या मनात होतं आणि आजही आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल त्यांचं होतं, ते इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यानंतर सरकारचं होत गेलं. ज्याच्या रानातून त्यालाच सरपण आणायची चोरी झाली, त्याच्या चुलीत काय शिजत असेल याचा विचार केल्याशिवाय त्याला लुटारू म्हणू नये.

झाडीतल्या तिसऱ्या सकाळी पाच जण आले. तिरकमठे होते, पण एकानंही तो उचलला नाही. घोंगडी, सदरा, जास्तीचं धोतर, लोटा, पिठाची पिशवी, सगळं गेलं. कमंडलूला मात्र त्यांनी हात लावला नाही.

आदल्या दुपारनंतर पोटात काही नव्हतं. तरी चालत राहिलो. तिसऱ्या प्रहरी हात थरथरायला लागले, गार घाम फुटला, पाय कुठं पडतोय ते कळेना. तेव्हा वाटलं ताप आला. ताप नव्हता. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा करून ठेवतं. चढणीवर उपाशी चालत राहिलं की तो संपत येतो. चरबी असते, पण ती सावकाश जळणारं लाकूड आहे. मेंदूला काडी ओढताच पेटणारी साखर हवी असते. ती कमी पडली की मोठमोठे पैलवानसुद्धा बसकण मारतात.

सूर्य डोंगराआड गेला आणि मी नदीकाठच्या वाळूत अंग टाकलं. मैयाच्या जवळ आहे, वाऱ्यापासून आडोसा आहे, रात्र निघेल असं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात वरून एक म्हातारा मामा उतरला, बरोबर आठनऊ वर्षांचा पोरगा. म्हाताऱ्यानं माझ्या हातावर मूठभर काहीतरी ठेवलं. भाजलेली, सुकलेली मोहाची फुलं. चैत्राच्या सुमाराला पहाटे झाडाखाली मोहाच्या मांसल फुलांचा सडा पडतो. बाया ती वेचून वाळवतात आणि वर्षभर पुरवतात. साखर ठासून भरलेली असते त्यांत. जरा जळकट, जरा आंबूस, मनुकांसारखी चिवट गोडी. दहा-पंधरा मिनिटांत हाताची थरथर थांबली. औषध म्हणून कुणी एवढी नेमकी वस्तू दिली नसती.

मग त्यानं मला दंडाला धरून उठवलं आणि हातानं वर डोंगराकडे दाखवलं. मला कळेना. वर वारा, वर थंडी, असंच मी समजत होतो. तो मान हलवत राहिला आणि पंजा वरून खाली, वरून खाली असा पाण्यासारखा वाहवून दाखवत राहिला.

त्या हाताच्या खुणेत अख्खा धडा होता, बाळा. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली ऊब आकाशात टाकून गार होते. तिला टेकलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि दरीच्या तळाशी तळं होऊन साठते. म्हणून थंडीच्या शांत रात्री नदीकाठ सगळ्यात गारठतो आणि डोंगराचा मधला उतार त्यापेक्षा उबदार राहतो. निफाडकडचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तेही अशाच जमिनीलगत बसलेल्या गारठ्यापासून बाग वाचवायला.

त्याची झोपडी बरोबर मधल्या उतारावर, एका काळ्या कातळाला पाठ लावून उभी होती. दिवसभर ऊन प्यायलेला कातळ रात्री हाताला कोमट लागत होता. मक्याची जाड भाकर आणि मीठ-मिरची मिळाली. आगटीच्या उजेडात माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथं तीन पोरं एका घोंगडीत गुरफटून झोपली होती. काठाला निळा दोरा, एका टोकाला माझ्या आईनं घातलेला टाका. माझीच घोंगडी.

"मग मागितली नाही?"

नाही गं. तिघं झोपली होती त्यात. म्हाताऱ्यानं माझी नजर पाहिली होती. त्यानं ओंडके ढकलून आग माझ्या बाजूला मोठी केली आणि रात्रभर जागून ती जळती ठेवली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पहाटे बाहेर आलो. खाली सगळी दरी पांढऱ्या धुक्यानं काठोकाठ भरली होती, दुधाचं पातेलं असावं तशी. काल मी जिथं आडवा झालो होतो ती वाळू त्याच्या तळाशी कुठं तरी होती. आम्ही धुक्याच्या वर, कोवळ्या उन्हात उभे होतो. ती वाट आणि शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. ती झोपडी राहिली की गेली, मला माहीत नाही. त्या पोरांपैकी थोरला आज पन्नाशीचा असेल.

पुढं गुजरातेत एका मास्तरांनी न मागता गोधडी दिली. समुद्राशी विमलेश्वरला भरतीची वाट पाहत दोन दिवस काढले. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आत अरुंद होत जातं, म्हणून चंद्रानं ओढलेलं पाणी आतल्या अंगाला चेपून उंच चढतं, कुठं कुठं १० मीटरच्या वर. ओहोटीला नाव चिखलात रुतते. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. नावाड्याजवळ घड्याळ नव्हतं, तरी त्यानं रात्री आम्हाला उठवलं तेव्हा पाणी नुकतंच नावेच्या बुडाला लागत होतं. पुढं भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहिले, उगम पाहिला, आणि पुन्हा ओंकारेश्वर. ते सगळं उद्या सांगतो, नाही तर तुझी आजी रागावेल.

नात काही बोलली नाही. टाचेकडे बघत राहिली. मी काठी घेऊन परसात गेलो. विहिरीपाशी एरंड आहे, तो मीच लावलेला. एक रुंद पान तोडलं, देठ काढला, तव्यावर शेकलं, तेलाचं बोट फिरवलं आणि सुती पट्टीनं तिच्या टाचेवर बांधलं.

"आजोबा, गरम आहे."

"चटका बसला?"

तिनं जरा थांबून पाय हलवून पाहिला.

"नाही. बसतो बसतो असं वाटलं फक्त."