कोळसा हर्बल नसतो

छोट्या हुक्का लाउंजमधली संध्याकाळ बाहेरून पाहणाऱ्याला निरुपद्रवीच वाटते. मंद दिवे, सोफ्यावर पसरलेले चार-पाच मित्र, मध्ये एक हुक्का आणि हातोहात फिरणारी नळी. सिगारेट घाईघाईत ओढून विझवली जाते. हुक्का मात्र गप्पांच्या ओघात तास-तासभर चालतो. धूर पाण्यातून गार होऊन येतो, घशाला बोचत नाही, वर डबल अ‍ॅपलचा गोड वास. माझं म्हणणं एवढंच, की हुक्का सौम्य वाटतो त्याच कारणांनी तो घातक ठरतो. ठसका लागत नाही म्हणून माणूस खोल झुरके घेतो आणि सोबत आहे म्हणून लांबवतो. तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत घेतला जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००५ मध्येच नोंदवलं होतं. हा आकडा धुराच्या आकारमानाचा आहे, विषाचा नव्हे. ‘एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी’ असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पण पाणी धूर गाळतं ना? गार करतं, गाळतं फार थोडं. चिलमीवरच्या फॉइलवर ठेवलेल्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. नळीतून तो थेट फुफ्फुसांत जातो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गरगरणं, डोकं जड होणं, मळमळ ही त्याची लक्षणं. लाउंजमध्ये त्यालाच कौतुकाने ‘किक’ म्हणतात. मग ‘आमचा हर्बल आहे’ हे उत्तर ठरलेलं. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूचा आणि बिनतंबाखूचा हुक्का पडताळून पाहिला, तेव्हा निकोटिन वगळता बाकीच्या विषारी द्रव्यांत फारसा फरक आढळला नाही. नवल नाही, कारण कोळसा तोच आणि पांढरा दाट धूर देणारं ग्लिसरीनही तेच.

आपला कायदा मात्र तंबाखूभोवतीच घुटमळत राहिला. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले. हुक्क्याचे निखारे उडून ती लागली असावी, असा अग्निशमन दलाच्या चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का बारवर बंदी आणली. आगीला निमित्त निखारा आणि बंदी तंबाखूच्या हुक्क्यावर, हा विरोधाभास तेव्हा फारसा कुणाला खटकला नाही. तंबाखू नसलेल्या हुक्क्याला त्यातून वाट राहिली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाउंजला तशी मुभा दिली. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने उपाहारगृहाच्या परवान्यात हर्बल हुक्का बसत नाही असं म्हटलं, तेव्हा कुठे चर्चा चिलमीतल्या मालावरून जागेकडे वळली.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांना इतिहासच आडवा येतो. अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून तंबाखू बादशहाच्या दरबारात नेला, तेव्हा तिथल्या हकिमानेही हरकत घेतली होती. ‘आठवड्यातून एकदाच तर ओढतो’ यात तथ्य आहे, धोका प्रमाणावर ठरतोच. पण बंद खोलीतला वायू पहिल्याच बैठकीत चढू शकतो. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नाक्यावरच्या टपरीवर सिगारेट राजरोस मिळते, मग हुक्क्यालाच बंदी का? शिवाय बंदीमुळे धंदा मागच्या खोलीत जातो, खिडक्या बंद होतात आणि वायू अधिकच साठतो. हे मला मान्य आहे. म्हणूनच तपासणीला येणाऱ्याने चिलमीतल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जरूर पाठवावा, पण त्याआधी खोलीतला कार्बन मोनॉक्साइड मोजावा. त्याचं यंत्र हातात मावतं आणि आकडा जागच्या जागी दाखवतं. तो आकडा गिऱ्हाइकापेक्षाही, पाळीभर शेगडीशी उभं राहून निखारे फुलवणाऱ्या आणि टेबलाटेबलावर बदलत फिरणाऱ्या पोऱ्याच्या कामाचा आहे. त्याने एक झुरकाही घेतलेला नसतो.