थंडी गिअरबॉक्सचं वय उघड करते

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात किंवा सीमेपलीकडे कॅनडाच्या विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. तिथला वीस-पंचवीस वर्षं जुना पिकअप ट्रक सकाळी सुरू होतो, इंजिनाची तक्रार नसते. पण दांडा ‘डी’वर आणला तरी गाडी जागची हलत नाही. काही सेकंदांनी धक्का बसून गिअर पडतो आणि आठ-दहा किलोमीटरनंतर सगळं सुरळीत होतं. ‘थंडीमुळे झालं असेल,’ असं म्हणून मालक विसरून जातो. माझ्या मते हे विसरणंच गिअरबॉक्सच्या मुळावर येतं.

जनरल मोटर्सच्या १९३९ मधल्या ‘हायड्रामॅटिक’पासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सगळा भार तेलावर आहे. क्लचच्या चकत्या दाबून धरतो तो तेलाचाच दाब. तो उशिरा आला की गिअरही उशिरा पडतो. हे तेल खोबरेल तेलासारखं थिजत नाही, पण दाट मात्र भयंकर होतं. साध्या पाण्याचा दाटपणा साधारण १ सेंटिपॉइज असतो. १९९० च्या दशकातल्या ‘डेक्स्रॉन-३’ प्रतीच्या तेलाला उणे ४० अंशांना तो २०,००० पर्यंत चालत असे! २००५ मध्ये आलेल्या ‘डेक्स्रॉन-६’साठी ही मर्यादा १५,००० वर आणली गेली. एवढं दाट तेल फिल्टरमधून ओढताना पंप घरघरतो. त्यात थंडीने तेल आकसून पातळी खाली जाते. मुळात तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो आणि दाब टिकत नाही.

पण खरी गोम रबरात आहे. क्लच दाबणाऱ्या पिस्टनभोवती रबरी सील असतात. वर्षानुवर्षं ८०-९० अंशांच्या तेलात राहून ते कडक होतात आणि थंडीत आणखी ताठरतात, आकसतात. मग फटीतून तेल निसटतं, दाब अपुरा पडतो, चकत्या घसरतात आणि घासून जळतात. गाडी तापली की सील पुन्हा नरम पडून घट्ट बसतात. दोष दिसेनासा होतो, झीज मात्र झालेली असते.

थंडीत दिसणारी प्रत्येक गोष्ट बिघाड नसते, हेही खरं. संगणकावर चालणारे अनेक गिअरबॉक्स तेल तापेपर्यंत वरचा गिअर मुद्दाम रोखून धरतात. त्याची चिंता नको.

नॉर्थ डकोटातल्याच ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर बनवला. म्हणूनच त्या भागात गाड्यांच्या नाकाशी प्लग लोंबताना दिसतात. पण हा हीटर इंजिन तापवतो, गिअरबॉक्स थंडच राहतो. त्याच्या तेलाच्या तळपात्राला चिकटवायचा वेगळा हीटर मिळतो. जुन्या ट्रकवाल्यांनी तो जरूर बसवावा.

तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना कळकळीने सांगतो, गाडी हलत नाही म्हणून रेस करू नका. अचानक गिअर पडला की त्या झटक्याने चकत्यांचा जीव जातो. काही मिनिटं इंजिन चालू द्या, मग सावकाश निघा. तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तपासा. ती बरोबर असूनही गिअर उशिरा पडत असेल, तर ट्रक रात्रभर गॅरेजबाहेर उभा ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा मेकॅनिकलाच सुरू करायला सांगा. तापलेल्या गाडीत हा दोष सापडत नाही.